अडीचशे परार्ध दारं आणि तांदळाचा एक दाणा

रक्ताचा एक थेंब घेऊ. लहानसाच, ५० मायक्रोलिटरचा. त्यात तांबड्या पेशी किती? मायक्रोलिटरला साधारण ५० लाख, म्हणजे थेंबाला २५ कोटी. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या भरली ११ कोटी २४ लाख. एका थेंबात दोन महाराष्ट्र बसले आणि वर अडीच कोटी उरले!

आता थेंबावरून माणसावर या. प्रौढ माणसात रक्त पाच लिटरच्या आसपास. पेशी झाल्या २५ लाख कोटी. आकडा कानावरून गेला ना? साहजिक आहे. भारत सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च मांडला होता सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपये. एक पेशी म्हणजे एक रुपया धरला, तर तुम्ही निम्मा केंद्रीय अर्थसंकल्प अंगात घेऊन भाजी आणायला जाता. उरलेला निम्मा भाजीवाल्या मावशींच्या अंगात असतो.

पेशी केवढी? मिलिमीटरचे सव्वाशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी रुंद. या टिकल्या कडेला कड लावून एका रेषेत मांडल्या, तर रेषा होते दोन लाख किलोमीटर. पृथ्वीला पाच वेढे! पुणे ते मुंबई लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. दख्खनची राणी रोज जाऊन-येऊन ३८४ किलोमीटर धावते. रोजची धाव तेवढीच ठेवून ती तुमच्या पेशींच्या रेषेवरून निघाली, तर दुसऱ्या टोकाला पोचायला तिला लागतील एक वर्ष आणि पाच महिने. एका माणसाच्या पेशींवरून, बरं का.

आणि हे झालं नुसतं लांबीचं. प्रत्येक पेशीला बाहेरून एक पातळ पटल असतं, तिची कातडीच म्हणा. एका पेशीचं पटल पसरलं तर क्षेत्रफळ भरतं सुमारे १४० चौरस मायक्रोमीटर. यात घर बांधता येणार नाही. पण २५ लाख कोटी पेशींची पटलं शेजारी शेजारी अंथरा. होतात ३,५०० चौरस मीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर पस्तीस गुंठे! एकराला पाच गुंठे कमी. सातबाऱ्यावर नाव असो वा नसो, प्रत्येक माणूस पस्तीस गुंठ्यांचा धनी आहे. आता हेच पस्तीस गुंठे घडी घालून ठेवायचे आहेत. पटलाची जाडी ५ नॅनोमीटर, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-सोळा हजार थर बसतील. सगळं पटल गोळा केलं तर साडेसतरा मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाची दोन झाकणंही पुरती भरत नाहीत.

पस्तीस गुंठे, दोन झाकणं. एवढ्यावर थक्क होऊन थांबू नका, खरी गंमत अजून आलेलीच नाही.

हे पटल मेदाचं. विद्युतभार असलेला कण त्यातून सहजी आरपार जात नाही. आणि तांबड्या पेशीला तर अशा कणांची नुसती रीघ लावायची असते. आपण निवांत बसलो असलो तरी शरीर मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. दिवसाला २८८ लिटर. वर्षाला लाख लिटरहून थोडा जास्त, एक लाख पाच हजार. दहा फूट व्यासाची, पन्नास फूट खोल विहीर डोळ्यांसमोर आणा. वर्षाकाठी एकटा माणूस, काहीही न करता, ती विहीर जवळजवळ काठापर्यंत या वायूने भरतो. यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास माल फुप्फुसापर्यंत येतो तो बायकार्बोनेटच्या रूपात. पेशीच्या आत बायकार्बोनेट तयार होतं, बाहेर पडतं, त्याच्या बदल्यात क्लोराइड आत शिरतं. फुप्फुसात पोचलं की उलटा प्रवास: बायकार्बोनेट आत, क्लोराइड बाहेर. वेळ किती मिळतो? फुप्फुसाच्या केशवाहिनीतून पेशी पाऊण सेकंदात पुढे सरकते. पळत असाल तर त्याहूनही लवकर.

तेव्हा पटलाला दारं असणार, हे उघड होतं. एक आयन, म्हणजे असा विद्युतभारित कण, बाहेर, एक आत, अशी अदलाबदल करणारी दारं. आणि ती भन्नाट वेगाची असणार, हेही उघड होतं, कारण सोडियम-पोटॅशियमच्या मानाने क्लोराइड या पटलातून सुमारे दहा लाखपट वेगाने जातं. दहा लाख पट! मुंबई-पुणे अंतर कापायला ज्या गाडीला तीन तास लागतात, ती दहा लाखपट वेगाने निघाली तर एका सेकंदाच्या शंभराव्या भागात पोचेल. शिट्टी वाजायच्या आत फलाट आलेला असेल.

पण दार नेमकं कोणतं? इथे १९७० पर्यंत सगळे अडले होते. पटलात प्रथिनांची गर्दी. १९७१ मध्ये फेअरबँक्स, स्टेक आणि वॉलक या तिघांनी ती प्रथिनं जेलवर वेगळी करून त्यांच्या पट्ट्यांना वरून खाली क्रमांक दिले. बँड १, बँड २, बँड ३, असे. सगळ्या पट्ट्या निळ्या रंगवलेल्या, सगळ्या मुक्या. यातली वाहतूक करणारी कोण, हे पट्टी बघून कसं कळावं? पचनाचं एखादं एन्झाइम परीक्षानळीत घातलं तर तिथेही काम करून दाखवतं. दाराचं तसं नाही. भिंतीतून दार उखडलं की आत काय आणि बाहेर काय? पटल विरघळवून प्रथिन सुटं केलं की त्याचं कामच नाहीसं होतं. ओळख पटवायची तर ते कामावर असतानाच पटवायला हवी, आणि मग ती ओळख मोडतोडीनंतरही टिकायला हवी.

यावरची युक्ती म्हणजे अ‍ॅफिनिटी लेबलिंग. हे नाव १९६२ मध्ये वोफ्सी, मेट्झगर आणि सिंगर यांनी रूढ केलं, तेव्हा काम चाललं होतं प्रतिपिंडांवर. तत्त्व मतदानाच्या शाईचं. जो केंद्रात आला आणि मत दिलं त्याच्याच बोटाला शाई लागते, आणि तो गर्दीत मिसळला, घरी गेला, साबणाने हात धुतले, तरी ती जात नाही. दाराला ज्या कणाची ओढ आहे त्याच्यासारखा दिसणारा एक रेणू बनवायचा, त्याला एक पकड बसवायची आणि एक किरणोत्सारी खूण लावायची. तो ओढीने दारात शिरतो, पकड बसते, सुटत नाही. त्यानंतर खुशाल पेशी फोडा, पटल विरघळवा, प्रथिनं वेगळी करा. खूण जिथे सापडेल ते दार.

वाहक प्रथिनावर असा हात १९६५ मध्ये हार्वर्डमध्ये फॉक्स आणि केनेडी यांनी मारून दाखवला होता. ई. कोलाय जिवाणू दुधातली साखर ज्या दाराने आत घेतो ते दार त्यांना हवं होतं. त्यांचं रसायन मात्र ओढीचं नव्हतं, ते दिसेल त्या प्रथिनाला चिकटणारं होतं. मग त्यांनी चाल केली. आधी दारात साखरेसारखा एक रेणू बसवून ते झाकलं आणि साधं रसायन ओतून बाकी सगळ्यांचे हात भरून टाकले. मग झाकण काढलं आणि तेच रसायन, आता किरणोत्सारी, पुन्हा ओतलं. रिकामा हात एकाचाच उरला होता. चोर सापडला! मला विचाराल तर सगळ्या कथेत ही चाल सर्वांत देखणी.

आपल्या तांबड्या पेशीचं दार मात्र अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये आणि मग कॅनडातल्या टोरांटोत योआव काबान्चिक आणि असर रॉथस्टीन यांनी पकडलं. त्यांचं हत्यार होतं डिड्स नावाचा रेणू. त्याला ऋणभाराचे दोन गट, म्हणून क्लोराइड-बायकार्बोनेटच्या जागेची ओढ. दोन टोकांना दोन पकडी. आणि भार असल्यामुळे स्वतः पटल ओलांडून आत जाऊ शकत नाही, बाहेरच्या बाजूने दारापाशीच घुटमळतो. डिड्स घातलं आणि अदलाबदल जवळपास ठप्प झाली. आता पुरावा हवा. पेशी फिक्या मिठाच्या पाण्यात टाकल्या की फुगतात, हिमोग्लोबिन बाहेर वाहून जातं, मागे राहतात नुसत्या फिक्या टरफलासारख्या पिशव्या. संशोधक त्यांना घोस्ट म्हणतात, आपण भुतं म्हणू. भुतं साबणासारख्या रसायनात विरघळवायची, जेलवर चढवायची, वीज सोडायची. लहान प्रथिनं भराभर खाली पळतात, जाडी वर रेंगाळतात. मग त्या जेलचे तुकडे पाडून प्रत्येकातला किरणोत्सार मोजायचा. वरचे तुकडे जवळपास गप्प, खालचेही गप्प, आणि मध्ये एका ठिकाणी आकडा उसळी मारून वर जातो. बँड ३! १९७४ मध्ये हे काम छापून आलं. इतक्या कामसू दाराला नाव मिळालं ते रेल्वेच्या फलाटासारखं, फलाट क्रमांक तीन.

आता मोजणीला बसू, कारण या युक्तीत मोजणी फुकट मिळते. निम्म्या दारांवर डिड्स बसवलं की वाहतूक निम्मी, पाऊण दारांवर बसवलं की पाव उरते. एका दाराला एक रेणू, हिशेब सरळ रेषेत. वाहतूक पूर्ण थांबली तेव्हा पेशीवर किती रेणू चिकटले होते ते मोजा, तेवढी दारं. पुढच्या वर्षांत आकडा पक्का झाला: एका पेशीवर दहा ते बारा लाख. आपण हात आखडता घेऊन दहाच लाख धरू.

मिलिमीटरच्या सव्वाशेव्या भागावर दहा लाख दारं! पटलातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव हिस्सा ही एकटी. पेशी फुगवून वानखेडेच्या मैदानाएवढी, साधारण दीडशे मीटर रुंद केली, तर दर बावीस सेंटिमीटरवर एक दार येतं. मैदानभर फरशी बसवल्यासारखं, आणि खालच्या बाजूनेही तसंच. त्या मापाने क्लोराइडचा आयन होतो हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

आणि दाराचा वेग? सदतीस अंश सेल्सियसला, म्हणजे अंगाच्या उबेत, एक दार सेकंदाला सुमारे ५०,००० आयन पार करतं. मुंबईच्या लोकलने दिवसाला ७५ लाखांच्या आसपास प्रवासी ये-जा करतात. पश्चिम, मध्य, हार्बर, सगळ्या मार्गांवरची, पहिल्या लोकलपासून शेवटच्या लोकलपर्यंतची ती सगळी गर्दी हे एक दार अडीच मिनिटांत पार करेल. एकेक करून. धक्काबुक्की नाही, चौथ्या सीटसाठी भांडण नाही.

हे एक दार. पेशीवर दहा लाख. गुणा. सेकंदाला ५,००० कोटी आयन. भारतीय रेल्वे वर्षाला ७०० कोटींच्या आसपास प्रवासी नेते. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या सात वर्षांच्या तिकिटांची बेरीज एक तांबडी पेशी एका सेकंदात उरकू शकते. डोळ्याला न दिसणारी, एक, पेशी.

आता सगळ्या पेशींची सगळी दारं. २५ लाख कोटी गुणिले दहा लाख. कोटींवर कोटी रचून हा आकडा सांगता सांगता जीभ अडखळते, तेव्हा भास्कराचार्यांकडे जाऊ. लीलावतीत त्यांनी एकं, दहंपासून संख्यांची नावं दिली आहेत. अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य करत यादी परार्धावर संपते. एकावर सतरा शून्यं. बाराव्या शतकात त्यापुढे जायची गरज कुणाला पडावी? आपल्याला पडली. एका माणसाच्या तांबड्या पेशींवरची दारं होतात अडीचशे परार्ध. मघाच्या पस्तीस गुंठ्यांत दर गुंठ्याला सात परार्ध पीक आलं!

मोजून बघायची हौस आहे? देशातले सगळे १४५ कोटी लोक कामाला लावा. तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत प्रत्येकाने सेकंदाला एक दार मोजायचं, रात्रंदिवस, जेवणाची सुट्टी नाही. प्रत्येकाच्या वाट्याला येतात १,७०० कोटींहून अधिक दारं. वेळ लागेल साडेपाचशे वर्षं. आज मोजणी संपायला हवी असेल तर शिवनेरीवर शिवरायांचा जन्म व्हायच्या दीडशे वर्षं आधी बसायला हवं होतं. आणि एकट्याने मोजायचं ठरवलं तर विश्वाचं आजवरचं सगळं वय, १,३८० कोटी वर्षं, पन्नासहून जास्त वेळा खर्ची पडेल.

बरं, ही दारं कायमची नसतात. तांबडी पेशी जगते १२० दिवस. खप भरून काढायला हाडांतली मज्जा सेकंदाला सुमारे २४ लाख नव्या पेशी बाहेर सोडते, प्रत्येक आपली दहा लाख दारं घेऊन. म्हणजे सेकंदाला २.४ लाख कोटी नवी दारं. एप्रिल २०२५ मध्ये देशभरातून जीएसटी जमा झाला सुमारे २.३७ लाख कोटी रुपये, तोवरचा मासिक विक्रम. त्या विक्रमी महिन्याची वसुली तुमची हाडं दर सेकंदाला दारांमध्ये भरतात. शिवाय एकेक दार ९११ अमिनो आम्लांची माळ ओवून केलेलं असतं, मणी मागेपुढे झालेला चालत नाही.

सगळी दारं मिळून पूर्ण वेगाने फिरली तर सेकंदाला किती आयन? सव्वा कोटी परार्ध. विश्रांतीत शरीराला बायकार्बोनेटची प्रत्यक्ष गरज असते सहाशे परार्धांच्या घरातली. काटेकोर वाचक इथे हात वर करतील, त्यांच्यासाठी सांगतो: सव्वा कोटी ही दोन्ही दिशांच्या ये-जा करण्याची कमाल क्षमता आहे, निव्वळ ने-आण तिच्याहून कितीतरी कमी, आणि एका क्षणी केशवाहिन्यांत रक्ताचा थोडासाच हिस्सा असतो. तरी गरजेच्या वीस हजारपट क्षमता! एसटी महामंडळाने दिवाळीत जादा गाड्या सोडताना एवढं मनावर घेतलं असतं तर?

सगळीच दारं अशी मुबलक नसतात. ग्लुकोज आत घेणारी दारं पेशीवर दोन-तीन लाख. ती बुरशीतल्या सायटोकॅलेसिन बी या द्रव्याने आणि अतिनील प्रकाशाच्या झोताने खूण करून १९८२ मध्ये पकडली गेली. सोडियमचा पंप तर त्याहून दुर्मीळ. आफ्रिकेत बाणांना लावायच्या विषातलं ओआबेन त्याला जाऊन चिकटतं. किरणोत्सारी ओआबेन वापरून मोजलं तेव्हा एका तांबड्या पेशीवर पंप निघाले फक्त काही शे. पंढरीच्या वारीत दहा लाख वारकरी चालताहेत आणि त्यातले तीनशे जण शोधायचे आहेत, तेही चेहरा माहीत नसताना. विषाने ते शोधून दिले.

आता तराजू काढा. अडीचशे परार्ध दारं, विश्वाचं वय पन्नासदा खर्चूनही मोजून न संपणारी. वजन किती असेल? अंदाज करा, मग पुढे वाचा. चार ग्रॅम! सोनाराकडे अर्धा तोळाही भरणार नाही. दोन रुपयांचं नवं नाणं तळहातावर ठेवा, एवढंच. आणि या सगळ्या दारांवर एकेक डिड्स बसवायचं म्हटलं तर? डिड्सचा रेणू दाराच्या सव्वादोनशेवा हिस्सा वजनाचा. म्हणजे एकोणीस मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याचं वजन साधारण एवढंच असतं. एक दाणा आणि अडीचशे परार्ध कुलपं! (प्रयोग नळीतल्या पेशींवर झाले आहेत, घरी कुणी हौस करू नये.)

अजून एकच पायरी, आणि ती मालगाडीची. सगळ्या १४५ कोटी भारतीयांना प्रौढ धरू आणि प्रत्येकाची चार-चार ग्रॅम दारं गोळा करू. भरतात ५,८०० टन. कोळशाच्या मालगाडीला ५८ वाघिणी असतात, एकीत साठेक टन माल धरा. पहिली गाडी भरली, धाडधाड करत कर्जतहून निघाली, मागे दोन जादा इंजिनं लावून खंडाळ्याचा घाट चढू लागली. दुसरी भरायला लागली आणि ३९ वाघिणींवर माल संपला. देशातल्या प्रत्येक माणसाच्या प्रत्येक तांबड्या पेशीचं प्रत्येक दार या ९७ वाघिणींत आहे. आणि त्या सगळ्यांना एकास एक पुरतील एवढी डिड्सची कुलपं? साडेसत्तावीस टन. दुसऱ्या गाडीची चाळिसावी वाघीण रिकामी उभी आहे, तिच्यात टाका. अर्धीही भरत नाही.